स्पिनोझाचा ईश्वर

भिंगें घासून पोट भरणाऱ्या एका माणसानें ईश्वराच्या स्वरूपाविषयीं काय विचार केला, हें आमच्या व्यापारी वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें; कारण तो मूळचा त्यांच्याच पेशाचा होता.

बारूख स्पिनोझा १६३२ सालीं आम्स्टरडॅम शहरीं, पोर्तुगालांतून परागंदा झालेल्या ज्यू घराण्यांत जन्मला. बाप १६५४ त वारल्यावर कर्जांत रुतलेली पेढी त्यानें व त्याच्या भावानें कांहीं काळ चालविली. पण धर्मग्रंथांस तो आपल्या बुद्धीनें प्रश्न विचारूं लागला होता. २७ जुलै १६५६ रोजीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, समाजानें त्यास बहिष्कृत केलें. त्याच्याशीं कोणीं बोलूं नये, एका छपराखालीं राहूं नये, त्यानें लिहिलेलें वाचूं नये, असा हुकूम निघाला. इन्क्विझिशनचा जाच ज्यांच्या वाडवडिलांनीं सोसला, त्यांनींच हें करावें! (इन्क्विझिशन म्हणजे काय, हें गोमंतकांतील वाचकांस सांगावयास नको.)

त्याचें म्हणणें तरी काय होतें? सृष्टीबाहेर सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करणारा राजा म्हणजे ईश्वर नव्हे. जें आहे तें एकच अनंत तत्त्व. त्यास ईश्वर म्हणा कीं निसर्ग म्हणा. झाड, दगड, माणूस हीं त्याचींच रूपें, आणि त्याच्या स्वभावनियमांनीं घडतें तें घडल्यावांचून राहत नाहीं. असा ईश्वर कोपत नाहीं, नवसासही पावत नाहीं. छपरावरून दगड पडून माणूस मेला, तर कारणामागून कारण विचारीत शेवटीं ईश्वरेच्छेचें नांव घेऊन गप्प बसणें, यास तो अज्ञानाचा आडोसा समजे. हा तर आमचाच वेदांत, असें कोणी म्हणेल. साम्य आहे खरें. पण स्पिनोझानें जगास माया म्हटलें नाहीं, आणि आमच्या मतें हा भेद लहान नव्हे.

पुढें तो राइन्सबर्ग, व्होरबर्ग व हेग येथें राहिला. त्याच्या भिंगांची वाखाणणी ह्यूगेन्ससारख्या ज्योतिर्विदानें केली. १६७० सालीं निनांवी छापलेला त्याचा धर्म व राज्य यांविषयींचा ग्रंथ १६७४ त बंद करण्यांत आला. मध्यंतरीं, १६७३ सालीं, हायडेलबर्गची प्राध्यापकी चालून आली होती. प्रस्थापित धर्मास धक्का लागूं नये, एवढीच काय ती अट. त्यानें जागा नाकारली. २१ फेब्रुवारी १६७७ रोजीं चव्वेचाळिसाव्या वर्षीं तो छातीच्या विकारानें वारला. ‘एथिक्स’ हा मुख्य ग्रंथ मित्रांनीं त्यानंतर छापला.

सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ सालचा आहे. तोंवर जातपंचायतींनीं किती घरांचें पाणी व विस्तव बंद केला, हें आमच्या वाचकांनीं आपल्याच गांवीं आठवून पाहावें. स्पिनोझावरील बहिष्कार उठवावा कीं काय, याची चर्चा २०१५ सालीं आम्स्टरडॅमला झाली. तो उठविण्यांत आला नाहीं.