मोरोपंतांचं कोडं आणि मल्टिथ्रेडिंग
मोरेश्वर रामजी पराडकर, म्हणजेच कवी मोरोपंत, १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मले. पुढे बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांनी १०८ रामायणं रचली असं मानतात. त्यातलं 'निरोष्ठ रामायण' तर कोडंच आहे. ओठाला ओठ लागेल असं अक्षर चालणार नाही. प, फ, ब, भ, म बाद. म्हणजे रामायणात 'राम' लिहायचंच नाही!

आज हे तपासायला मल्टिथ्रेडिंग वापरता येईल. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासता येते, म्हणून ओळी चार थ्रेड्सना वाटून द्यायच्या. एकालाही 'म' सापडला, तर सगळे थांबवायचे. तपासणी अशी वाटून घेता येते. रचताना मात्र सगळे नियम पंतांनी एकट्यानेच सांभाळले.