तळहातावरची विद्या

हेलन केलर हे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. पंपाच्या धारेखाली हात धरून उभी असलेली सहा-सात वर्षांची मुलगी आणि तिच्या दुसऱ्या तळहातावर बोटांच्या खुणांनी ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे उमटवणाऱ्या तिच्या बाई. तो दिवस होता ५ एप्रिल १८८७. बहुतेकांची हेलन इथेच संपते. पण त्यानंतर ती एक्याऐंशी वर्षे जगली! त्या वर्षांत तिने काय केले, हे मला त्या पंपाइतकेच महत्त्वाचे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या आजारपणाने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही हिरावून घेतली. मुलीचे पुढे काय, या चिंतेत असलेल्या आईने चार्ल्स डिकन्सच्या प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध व बहिऱ्या मुलीची हकिकत वाचली होती. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी लॉराला शिकवले होते. त्या धाग्यावरून केलर कुटुंब शोध घेत टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यापर्यंत पोहोचले आणि बेल यांनी पर्किन्सचीच वाट दाखवली. पर्किन्सने वीस वर्षांची एक शिक्षिका पाठवली. तिचे नाव अ‍ॅन सलिव्हन.

या सलिव्हनबाई कोण होत्या? एका गरीब आयरिश स्थलांतरिताची मुलगी. डोळ्यांच्या रोगाने दृष्टी जवळजवळ गेलेली, आई वारलेली, बापाने सोडून दिलेले. १८७६ साली धाकट्या भावासह त्यांची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी आश्रयगृहात झाली. तिथे काही महिन्यांतच भाऊ दगावला. १८८० मध्ये तपासणीसाठी सरकारी मंडळी आली, तेव्हा या मुलीने पुढे होऊन मला शाळेत पाठवा अशी विनवणी केली. ती पर्किन्समध्ये आली, शस्त्रक्रियांनी तिला थोडे दिसू लागले आणि बोटांची लिपी ती वृद्धत्वाकडे झुकलेल्या लॉरा ब्रिजमनच्या सहवासात शिकली. हेलनच्या तळहातावर पडलेल्या त्या एका शब्दामागे अशी पन्नास वर्षांची परंपरा होती. चमत्कार म्हणून आपण जो सांगतो, त्याच्या मागे एक शाळा उभी होती.

पुढे हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात दाखल झाली आणि १९०४ साली विशेष गुणवत्तेसह बी. ए. झाली. ही पदवी मिळवणारी ती पहिली अंध-बहिरी व्यक्ती. पण हे घडले कसे? वर्गात प्राध्यापक बोलत असताना सलिव्हनबाई शेजारी बसून प्रत्येक वाक्य तिच्या हातावर उमटवत. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके घरी तासन्‌तास तशीच वाचून दाखवत, तीही स्वतःच्या अधू डोळ्यांनी. त्याहून विचित्र अडचण लिपीची होती. अंधांसाठी तेव्हा अमेरिकेत एकमेकींशी न जुळणाऱ्या अनेक उठावाच्या लिप्या चालत. प्रवेशपरीक्षेत बीजगणिताची प्रश्नपत्रिका हेलनच्या सवयीच्या नसलेल्या चिन्हांत आली आणि तिची फार धांदल उडाली. खर्चाचा भार उचलला तो मार्क ट्वेन यांच्या ओळखीने पुढे आलेल्या हेन्‍री रॉजर्स या तेलसम्राटाने.

इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. ज्या मुलीला ट्वेन यांच्यासारखा मित्र नाही, सलिव्हनबाई नाहीत, तिने काय करायचे? हेलनच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न नेमका हाच होता. आपल्याला जे दैवाने मिळाले, ते इतरांना हक्काने मिळावे, यासाठी ती झटली. १९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधकल्याण आयोगावर तिची नेमणूक झाली. नवजात अर्भकांना आईच्या गुप्तरोगामुळे येणारे अंधत्व औषधाच्या थेंबांनी टळते, हे तिने १९०७ साली स्त्रियांच्या मासिकात उघडपणे लिहिले. त्या काळी हा विषय सभ्य घरांत निषिद्ध होता. कारखान्यांतील अपघात आणि दारिद्र्य हीही अंधत्वाची कारणे आहेत हे दिसल्यावर १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली. तोवर तिच्या बुद्धीची तारीफ करणाऱ्या एका संपादकाला लगेच तिचे अपंगत्व आठवले!

१९२४ पासून तिने अंधांसाठीच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचे काम अंगावर घेतले आणि गावोगाव फिरून निधी जमवला. अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी सरकारने पैसे द्यावेत म्हणून तिने संसदीय समितीपुढे बाजू मांडली. १९३१ मध्ये तसा कायदा होऊन वर्षाला एक लाख डॉलर मंजूर झाले. १९३२ मध्ये इंग्रजीची ब्रेल लिपी एकसारखी ठरली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गरजू अंधांना साहाय्य देण्याची तरतूद झाली, त्यामागेही तिची खटपट होती.

मात्र तिची मूर्ती करून पूजा बांधणे मला मान्य नाही. १९१५ साली शिकागोच्या एका डॉक्टरने व्यंग असलेल्या अर्भकावर शस्त्रक्रिया नाकारून त्याला मरू दिले, तेव्हा हेलनने त्याची बाजू घेतली. जिच्याबद्दल एके काळी लोकांनी आशा सोडली होती, तिनेच दुसऱ्या जीवाची किंमत ठरवावी, हे वाचताना मन विषण्ण होते. पुढच्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, पीटर फेगन या आपल्या चिटणिसाशी लग्न करण्याचे तिने ठरवले. घरच्यांनी ते मोडून काढले. जगभर जिचे नाव गाजत होते, तिला स्वतःच्या लग्नाचा निर्णय घेता आला नाही! साहाय्य करणारे हात केव्हा लगाम धरू लागतात, हे त्यांना स्वतःलाही कळत नाही.

आमच्या वर्गातला एक मित्र पाहू शकत नाही. त्याला पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांपैकी मी एक. प्रत्येक नव्या वाचकाला तो पहिल्याच दिवशी बजावतो, की तळटिपांसकट सगळे वाचायचे. काय गाळायचे ते तो ठरवील. हेलनच्या आयुष्याचे सार मला त्याच्या या अटीत सापडते. साहाय्य पुरेपूर हवे आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे हवा.

१९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हेलन आशियाच्या दौऱ्यात भारतातही येऊन गेली. मुंबईत ‘नॅब’ ही अंधांसाठी झटणारी संस्था स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. १ जून १९६८ रोजी हेलन गेली. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये सलिव्हनबाईंच्या शेजारीच तिच्या अस्थी विसावल्या आहेत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या. जागा मिळते, पण वर्गापर्यंतचा जिना, वेळेवर न मिळणारे पुस्तक आणि ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी लेखनिकाची शोधाशोध यांचे काय? आपल्या ग्रंथालयात वाचून दाखवण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांची एक वही ठेवली, तर निदान एक गोष्ट दैवाच्या हातून निघून आपल्या हाती येईल. वहीत पहिले नाव घालायला मी तयार आहे. दुसरे कोणाचे?