उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या धर्मपरायण जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंदजींचा जन्म झाला. पिढीजात व्यापार सोडून ते रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले. स्वदेशाचा माल परकीयांच्याच जहाजांतून जावा, हे त्यांच्या स्वाभिमानास रुचेना. १९१९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली, कंपनी विकत घेऊ पाहिली. केवळ नफा पाहणारा तेव्हाच विकून मोकळा झाला असता. वालचंदजींनी तोटा सोसला, पण कंपनी विकली नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. परदेशी व्यापार करू इच्छिणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या तरुणांनी भांडवलाआधी ही निष्ठा जोडावी.