सह्याद्रीच्या फुलांत उरलेले नाव : फादर सांतापाव

शहरांतील रोपवाटिकांमध्ये छोट्या कुंडीत एक देखणे रोप हमखास दिसते. गुलाबाच्या पाकळ्यांसारखी मांसल पाने एकावर एक रचलेल्या या रोपाचे नाव एचेवेरिया. आतानासिओ एचेवेरिया या मेक्सिकोतील चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील वनस्पतींची सुंदर चित्रे काढली. त्याच्या गौरवार्थ १८२८ मध्ये द कांदोल या वनस्पतीशास्त्रज्ञाने हे नाव दिले. एचेवेरिया हे आडनाव बास्क भाषेतले. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर राहणाऱ्या बास्क लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’ असा होतो. याच शब्दांपासून ‘झेवियर’ हे नावही घडले. ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये नवारा प्रांतात जन्मले. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या महाविद्यालयात विसाव्या शतकात स्पेनहून आलेल्या आणखी एका धर्मगुरूने अध्यापन केले. महाराष्ट्राच्या वनस्पतींनी त्यांचेही नाव धारण केले आहे. हे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. ते मात्र बास्क नव्हेत, कॅटलन होते. स्पेनच्या पूर्वेकडील तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावी ५ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात दाखल झाले आणि १९२८ मध्ये प्रथम भारतात आले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि क्यू येथील जगप्रसिद्ध उद्यानात काम केले. १९४० मध्ये ते सेंट झेवियर्समध्ये वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यानंतर भारत हीच त्यांची कर्मभूमी ठरली. यथावकाश त्यांनी भारतीय नागरिकत्वही स्वीकारले.

महाविद्यालयात फादर ब्लाटर या स्विस जेझुइटाने जोपासलेला वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. ब्लाटर १९३४ मध्ये निवर्तले होते. त्यांचा हा वारसा सांतापाव यांनी पुढे नेला, वाढवला. परंतु केवळ कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवर त्यांचे समाधान होत नसे. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, आकार बदलतो. म्हणून वनस्पती जिथे उगवते तिथे, जिवंतपणी पाहिली पाहिजे, हा त्यांच्या कामाचा पाया होता. बोरघाटातील खंडाळ्याच्या डोंगरांत त्यांनी वर्षानुवर्षे हिंडून नोंदी केल्या. त्यांतून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ पुरंदरच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला. एखादा डोंगर, एखादा किल्ला निवडावा आणि तेथील एकही झाड नजरेतून सुटू देऊ नये, अशी ही पद्धत होती.

१९५१ मध्ये त्यांनी मुंबई प्रांतातील एका वनस्पतीकुलाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या कुलाचे शास्त्रीय नाव आपणांस अपरिचित असेल, पण त्यातील मंडळी घरचीच आहेत. खोकल्यावरचा अडुळसा, कुंपणाची कोरांटी, वेणीतली अबोली आणि तळ्याकाठचा काटेरी तालीमखाना ही सारी याच कुलातली. सात वर्षांनी एकदा फुलून सह्याद्रीचे उतार जांभळे करणारी कारवीही याच कुलातली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेची पुनर्रचना झाली आणि पुढे सांतापाव तिचे संचालक झाले. १९६७ पर्यंतचा त्यांचा हा काळ संस्थेच्या उभारणीचा होता. १९५५ मध्ये पुण्यात संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र सुरू झाले. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील दुर्मीळ झालेला ग्रंथ संस्थेने १९५८ मध्ये पुनर्मुद्रित केला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी परिचित वृक्षांवर छोटे पुस्तकही लिहिले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पुढच्या संशोधकांनी त्यांची आठवण आपल्याच रीतीने जपली. वनस्पतीला कोणी स्वतःचे नाव देत नाही. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. सह्याद्रीत आढळणाऱ्या एका कंदीलपुष्पाला वाधवा आणि अन्सारी यांनी ‘सेरोपेजिया सांतापावी’ असे नाव दिले. खेड्यापाड्यांत या वेलींना खरपुडी म्हणतात. फुलाच्या नळीतील खाली वळलेले केस आत शिरलेल्या माशीला अडकवून ठेवतात आणि केस सुकले की तिला सोडून देतात. मोकळी झालेली माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते.

दुसरा सन्मान अधिक मोठा होता. तमिळनाडूत मिळालेल्या एका वनस्पतीसाठी बालकृष्णन आणि सुब्रमण्यम यांनी ‘सांतापावा’ ही नवी प्रजातीच स्थापन केली. तीही अडुळशाच्याच कुलात. पण पुढील अभ्यासात ही वनस्पती तालीमखान्याच्याच गणातली ठरली आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे ‘सांतापावा’ हे नाव मागे पडले. शास्त्रात आदराला जागा आहे, पण पुराव्यापुढे ती दुय्यम असते. नाव बाजूला सारणाऱ्यांनी सांतापाव यांचाच मार्ग अनुसरला, असे म्हणावे लागेल.

मराठवाड्याच्या वाचकाला या चरित्रात एक उणीव जाणवेल. कूक यांनी सोलापूरची नोंद घेतली, पण सीमेपलीकडचे लातूर, नांदेड निजामाच्या राज्यात असल्याने त्यांच्या ग्रंथाबाहेर राहिले. झाडांना राज्याची हद्द कळत नाही, पण ग्रंथांना ती पाळावी लागली. ही पोकळी भरून निघण्यास पुष्कळ काळ गेला. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला. आजचा लातूर जिल्हा तेव्हा त्यातच होता, तो वेगळा झाला १९८२ मध्ये. पुढे १९९८ मध्ये त्यांचा संपूर्ण मराठवाड्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्वेक्षण संस्थेनेही १९९६ ते २००१ या काळात महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले. किनवटच्या जंगलापासून औशाच्या माळापर्यंतची झाडे अशी ग्रंथांत आली.

आज रस्ते रुंद होतात, तळी बुजतात, माळ नांगरले जातात. कोणती वनस्पती नाहीशी झाली हे सांगायचे, तर ती तिथे होती याची नोंद आधी हवी. परदेशातून आलेल्या एका माणसाने खंडाळ्याच्या उतारांवर हिंडून ती नोंद कशी करावी हे दाखवून दिले. तालीमखान्याचे काटेरी झुडूप पुढच्या वेळी तळ्याकाठी दिसले, तर ‘सांतापावा’ हे मागे पडलेले नावही आठवावे.