अनुताई वाघ : शाळा मुलांच्या अंगणात नेणारी शिक्षिका



हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावासमोर सलग गैरहजेरी लागत गेली की आपण काय करतो? पालकांना निरोप पाठवतो, फोन करतो, एखाद्या संध्याकाळी घरीही जाऊन येतो. तरीही मूल आलं नाही, तर मनात येतंच की या घरात शिक्षणाची आवडच नाही. माझ्याही मनात हे कितीदा तरी आलंय, खोटं कशाला बोलू? अशा वेळी मला अनुताई वाघ आठवतात आणि स्वतःचीच थोडी लाज वाटते.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. आज आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलीएवढे वय, बघा! अशा मुलीचे पुढचे आयुष्य तेव्हा घराच्या एका कोपऱ्यात जायचे. अनुताई मात्र शिकल्या आणि प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यातील चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी नोकरी केली. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री स्वतः शिकायचे. असे रात्रशाळेत शिकून त्या 1937 मध्ये मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती 1961 मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर. नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घेणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

1945 मध्ये मुंबईजवळ बोरिवलीला ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तिथे अनुताईंची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे मोठे काम केले होते. ते शिक्षण आता खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत न्यावे असे त्यांना वाटत होते. अनुताईंनी पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि ताराबाईंबरोबर त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आज तो पालघर जिल्ह्यात आहे.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या वस्तीतली मुले काही येईनात. मग या दोघींनी काय केले? मुले येत नाहीत ना, मग आपणच जाऊ, असे ठरवले. वस्तीत जायचे, एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना हातपाय धुवायला लावायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. शाळाच अंगणात आली! आज गावोगावी आपण जो शब्द सहज वापरतो, त्या अंगणवाडीची मुळे अशी या कामात आहेत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 1975 मध्ये, म्हणजे कितीतरी नंतर.

पुढे हे काम बोर्डीजवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तिथे शाळेत न येण्याची कारणे आणखी स्पष्ट दिसली. मुलगे गुरे चारायला जात होते. आईबाप मजुरीला गेले की मुली घरी राहून धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. मुलांना शिकायचे नव्हते असे नाही, त्यांच्यावर कामे होती. मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली आणि ती कुरणशाळा झाली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. ताई वर्गात शिकतेय आणि तिचा तान्हा भाऊ शेजारीच पाळण्यात झोपलाय, अशी ती शाळा होती. पाने, बिया, खडे, शिंपले, काटक्या हेच तिथले शैक्षणिक साहित्य. नव्या शैक्षणिक धोरणात अंगणवाडी आणि पहिली-दुसरी जोडून पायाभूत स्तर केला आहे. त्याची प्रशिक्षणे घेताना मला दर वेळी कोसबादची विकासवाडी आठवते.

1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई टेकडीवरच राहिल्या. मुलांना शिकवत राहिल्या, बालवाडीच्या शिक्षिका घडवत राहिल्या आणि त्या कामाविषयी लिहीत राहिल्या. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले. पुणे सोडल्यापासून जवळजवळ 47 वर्षे त्यांनी त्याच परिसरातल्या मुलांना दिली.

मागे माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर येत नव्हती. घरी गेले तर ओसरीवर दोन वर्षांच्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. आई कापूस वेचायला गेलेली. पूर्वीची मी असते तर शाळेत येत जा गं, एवढं सांगून परत फिरले असते. त्या दिवशी तिला भावाला घेऊनच यायला सांगितलं. वर्गात थोडा गोंधळ होतो, पाटीवर रेघोट्या पडतात, कधी तो रडतोही. पण ती रोज येते आणि आता जोडाक्षरं वाचते.

पालकहो, तुमच्या शेजारचं एखादं मूल असं घरी राहत असेल तर शाळेला जरूर कळवा. आणि शिक्षक मित्रांनो, उद्या हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावावर क्षणभर थांबा. या वेळी ते मूल कुठे असेल, काय करत असेल, याचा विचार करा आणि शक्य असेल तर तिथपर्यंत जा. अनुताईंचं काम पुढे नेण्याची सुरुवात एवढ्यापासूनही होऊ शकते.