पौल (प्रेषित)

पौल किंवा संत पॉल (हिब्रू नाव: शौल, मृत्यू: अंदाजे इ.स. ६४ ते ६७, रोम) हा पहिल्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारक व पत्रलेखक होता. यहुदी नसलेल्यांना, म्हणजेच परराष्ट्रीयांना, सुंता न करता केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने तारण मिळते, ही भूमिका त्याने आयुष्यभर मांडली. या प्रश्नावर त्याचे येशूच्या मूळ शिष्यांशीही मतभेद झाले.

पूर्वायुष्य

पौल हा बन्यामीन वंशातील यहुदी असून परूशी पंथाचा अनुयायी होता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार त्याचा जन्म किलिकियातील तार्स या नगरात झाला आणि त्याने यरुशलेमात गमलियेल या शास्त्र्याकडे शिक्षण घेतले. तंबू बनवणे हा त्याचा व्यवसाय होता. आरंभी त्याने ख्रिस्ती मंडळीचा छळ केला. दमास्कसच्या वाटेवर झालेल्या साक्षात्कारानंतर तो ख्रिस्तानुयायी बनला.

वादाची पार्श्वभूमी

परराष्ट्रीयांविषयी यहुदी शास्त्रातच दोन प्रवाह आढळतात. एज्राच्या ग्रंथात परकीय स्त्रियांशी झालेले विवाह मोडण्यात येतात, तर रूथच्या ग्रंथात मवाबी स्त्री दावीद राजाची पणजी ठरते. हाच ताण मत्तयाच्या शुभवर्तमानातही दिसतो. तेथे येशू शिष्यांना प्रथम केवळ इस्राएलाकडे धाडतो आणि शेवटी सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो.

यरुशलेमची सभा

पौल व बर्णबा यांनी सिरियातील अंत्युखिया येथून प्रचारकार्य केले. परराष्ट्रीय मोठ्या संख्येने मंडळीत येऊ लागल्यावर त्यांची सुंता आवश्यक आहे की नाही, हा वाद यरुशलेमच्या नेत्यांपुढे गेला (अंदाजे इ.स. ४९). या सभेची दोन वर्णने उपलब्ध आहेत. 'कृत्ये'नुसार सुंतेची अट घालण्यात आली नाही. मात्र मूर्तींना अर्पिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचे मांस व जारकर्म वर्ज्य ठरवण्यात आले. पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र या निर्बंधांचा उल्लेख नाही. गरिबांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती तो नोंदवतो. सभेला सोबत नेलेल्या तीत या ग्रीक सहकाऱ्यावर सुंतेची सक्ती झाली नाही, असेही तो सांगतो.

पेत्राशी संघर्ष

अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीला जेवत असे. याकोबाकडून काही लोक आल्यावर त्याने ते थांबवले आणि बर्णबाही त्याच्यासोबत गेला. एका पंक्तीला बसता येत नसेल तर परराष्ट्रीय दुय्यम ठरतात, हे ओळखून पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. या वादाचा शेवट कसा झाला, हे पत्रात सांगितलेले नाही आणि 'कृत्ये'मध्ये या प्रसंगाचा उल्लेखच नाही.

अटक व मृत्यू

परराष्ट्रीय मंडळ्यांनी यरुशलेममधील गरिबांसाठी दिलेला निधी घेऊन पौल तेथे गेला. त्याने त्रफिम या इफिसकराला मंदिराच्या निषिद्ध भागात नेल्याचा आरोप होऊन जमाव खवळला आणि रोमन सैनिकांनी पौलाला ताब्यात घेतले. त्या सीमेपलीकडे जाणाऱ्या परकीयास मृत्युदंडाची ताकीद देणारा ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये सापडला आहे. पौलाने कैसराकडे दाद मागितल्याने त्याला रोमला नेण्यात आले. परंपरेनुसार नीरोच्या कारकिर्दीत तेथेच त्याचा शिरच्छेद झाला.

विचार व प्रभाव

नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी १३ पत्रे पौलाच्या नावावर असून त्यांपैकी ७ निर्विवादपणे त्याची मानली जातात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने परराष्ट्रीयांना जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्यांची उपमा दिली. झाडाचे मूळ इस्राएलच असल्याने परराष्ट्रीयांनी गर्व करू नये आणि देवाने आपल्या लोकांचा त्याग केलेला नाही, असे त्याने बजावले. पुढे ख्रिस्ती मंडळीत परराष्ट्रीय बहुसंख्य झाले आणि पौलाची पत्रे यहुदी धर्माविरुद्ध वाचली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक अभ्यासकांनी त्याच्या विचारांची मांडणी यहुदी परंपरेच्या चौकटीत नव्याने केली आहे.