समाजस्वास्थ्यकार रघुनाथ धोंडो कर्वे

कर्वे हे आडनाव उच्चारले की आपल्या बडोदेकर मराठी मंडळींच्या डोळ्यांसमोर हिंगण्याचा आश्रम आणि महर्षी अण्णासाहेब उभे राहतात. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र घरात सहसा निघत नाही. त्याचे कारण त्यांचा विषय. बुद्धिदात्या गणरायाच्या उत्सवात हा संकोच थोडा बाजूला ठेवून त्यांचे स्मरण करावे, असे आम्हाला वाटते.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी मुरुड येथे झाला. 1891 साली बाळंतपणात त्यांची आई राधाबाई वारली. तिचे वय अवघे 27 वर्षांचे होते आणि रघुनाथ नऊ वर्षांचा. त्या काळी अशी घरे गावोगावी होती. मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी सासरी नांदायला जात आणि विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे होऊन जात. आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1904 साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला, तो बराच पुढारलेला मानला गेला. तरी त्यातही मुलीचे किमान वय 12 च होते. सारांश, पोरवयातले मातृत्व हा प्रश्न आजचा नाही.

रघुनाथ 1899 साली मॅट्रिकला पहिले आले. गणित हा त्यांचा विषय. पुढे ते प्राध्यापक झाले आणि पॅरिसला जाऊन त्यांनी अधिक अभ्यासही केला. परत आल्यावर 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र त्याच वर्षी निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे आपला माणूस काळाच्या किती बरोबर चालत होता ते कळते. प्राध्यापकाने असला उद्योग करावा हे विल्सन कॉलेजच्या चालकांना रुचले नाही. रघुनाथरावांनी 1925 साली नोकरी सोडली, काम सोडले नाही. पत्नी मालतीबाईंनी त्यांना शेवटपर्यंत साथ दिली. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. आधी केले, मग सांगितले!

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. जे प्रश्न आईबापांना आणि डॉक्टरांनाही विचारायची चोरी, ते वाचक त्यांना पत्रांतून विचारीत आणि ते उत्तर छापीत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. 1931 साली 100 रुपये दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण मासिक चालूच राहिले. 14 ऑक्टोबर 1953 रोजी रघुनाथराव गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता.

त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप असा की, साधने हाती आली तर तरुण बिघडतील. महात्मा गांधींसारख्यांनाही संयम हाच मार्ग वाटत होता. आज हाच आक्षेप आपल्या निजामपुऱ्यातल्या घरांत नातवंडांविषयी ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तातडीची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती रोगांपासून वाचवीत नाही आणि ती नेहमीची सोय म्हणून घ्यायचीही नाही. नको त्या आग्रहाला नाही म्हणण्याचे बळ कोणतेही साधन देत नाही. शिवाय 18 वर्षांखालील मुलांची संमती कायदा मानीत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. मुलामुलींना माहिती मिळाली नाही म्हणून मोह थांबत नाही. फक्त चूक झाल्यावर घरी सांगण्याची हिंमत उरत नाही. मग चोरून घेतलेली औषधे, भोंदू डॉक्टर, अर्धवट राहिलेले शिक्षण, आणि भोगायचे बहुतेक मुलीनेच. निरोधासारख्या साध्या साधनाने गर्भ आणि रोग दोन्ही टळू शकतात, हे माहीत नसल्यामुळे आयुष्य पणाला लागावे, हा कुठला संस्कार?

म्हणून आम्हाला वाटते की, साधन द्यावे की नाही या वादाआधी ज्ञान द्यावे. ते मोबाइलवरच्या भलत्या चित्रांतून मिळण्यापेक्षा आईकडून, बाबांकडून, घरच्या डॉक्टरांकडून मिळावे. संयमही शिकवावा, पण समजावून. भीती घालून नव्हे. रघुनाथरावांनी अनोळखी वाचकांची पत्रे सव्वीस वर्षे न लाजता वाचली. आपल्याला तर आपल्याच मुलांचे प्रश्न ऐकायचे आहेत.

ते ऐकण्याची सुबुद्धी श्रीगजाननाने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.